विश्लेषण : बला, अतिबला की नुसताच चिकणा? जास्वंदीच्या कुळातील रानझाडे ओळखायची कशी?

पावसाळा सरता सरता गावाबाहेरचे गायरान, शेताचे बांध, रेल्वेमार्गाच्या कडा आणि शहरातले मोकळे भूखंड कंबरेएवढ्या झुडपांनी भरून जातात. नखाएवढी पिवळी फुले, दातेरी पाने आणि उपटायला गेल्यास हात सोलवटेल इतके चिवट खोड. बहुतेकांच्या लेखी हे सगळे तण. मात्र याच गर्दीत आयुर्वेदातली ‘बला’ असते, ‘अतिबला’ असते, भेंडीचे रानटी भाऊबंद असतात आणि अमेरिकेतून येऊन इथलेच होऊन बसलेले एक झुडूपही असते. ही सारी मंडळी जास्वंदीच्या, म्हणजे ‘माल्वेसी’ या कुळातील. दिसायला सारखी, पण गुणाने आणि उपयोगाने वेगळी. त्यांची ओळख चुकली तर औषधाच्या पुडीत भलतेच मूळ जाते. ती चुकू नये यासाठी काय पाहावे, याचा हा आढावा.

नावांचा एवढा गोंधळ का?

‘चिकणा’ हे एकच नाव महाराष्ट्रात किमान तीन-चार वेगवेगळ्या झुडपांना लावले जाते. ही सगळी झुडपे ‘सिडा’ या एका प्रजातीतील आहेत. पाने चुरगाळल्यावर हाताला लागणारा बुळबुळीतपणा सर्वांतच असल्याने लोकांनी त्यांना एकच नाव दिले, यात नवल नाही. दुसरीकडे, एकाच झाडाला अनेक नावे असल्याचीही उदाहरणे आहेत. ज्याला आयुर्वेदात अतिबला म्हणतात, ते झाड मराठीत कुठे मुद्रा, कुठे पेटारी, कुठे चक्रभेंडी म्हणून ओळखले जाते. हिंदीत तेच कंघी, तर गुजरातीत खपाट.

संस्कृत ग्रंथांत बला, अतिबला, महाबला आणि नागबला या चौघींना मिळून ‘बलाचतुष्टय’ म्हटले आहे. ग्रंथकारांनी गुण सांगितले, वर्णनेही केली. पण त्या वर्णनातले झाड आज रानात दिसणारे नेमके कोणते, यावर प्रांतोप्रांती वेगवेगळी उत्तरे रूढ झाली. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने बला म्हणजे ‘सिडा कॉर्डिफोलिया’चे मूळ आणि अतिबला म्हणजे ‘अब्युटिलॉन इंडिकम’चे मूळ, असे निश्चित केले आहे. केरळमध्ये मात्र ‘कुरुंतोट्टी’ या नावाने सिडाचीच दुसरी जात बला म्हणून वापरण्याची परंपरा आहे. म्हणजे बाजारात ‘बला’ मागितल्यावर काय मिळेल, हे ते कोणत्या प्रांतातून आले यावरही अवलंबून असते.

हा गोंधळ फक्त लोकव्यवहारातला नाही. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने अठराव्या शतकात अतिबलेलाही सिडा प्रजातीतच बसवले होते. तिचे तेव्हाचे नाव होते ‘सिडा इंडिका’. तिला अब्युटिलॉनमध्ये हलवले गेले ते १८२६ मध्ये. शास्त्रज्ञांनाही जी झाडे एकमेकांजवळची वाटली, ती रस्त्याने जाणाऱ्याला सारखी वाटली तर त्यात त्याचा दोष नाही.

ओळख चुकल्याने काय बिघडते?

बला हे किरकोळ औषध नाही. क्षीरबला तेल, चंदनबलालाक्षादी तेल, बलारिष्ट अशा अनेक प्रसिद्ध औषधांत ती लागते. वातविकार, अशक्तपणा, बाळंतिणीचे मर्दन यासाठी तिचा वापर पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. या औषधांसाठी लागणारा बराचसा माल शेतातून नव्हे, तर रानातून आणि पडीक जमिनीवरून गोळा होऊन येतो. गोळा करणारा तो उपटतो, वाळवतो, जुड्या बांधतो आणि व्यापाऱ्याला देतो. व्यापाऱ्याकडून तो कारखान्यात किंवा काष्ठौषधींच्या दुकानात पोहोचतो.

याच साखळीत काय घडते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसले. दक्षिण भारतातील संशोधकांनी बाजारात बला म्हणून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांची डीएनए तपासणी केली. त्यातील एकही नमुना सिडा कॉर्डिफोलियाचा नव्हता. त्यांच्या जागी बहुतांशी सिडाच्याच इतर जाती निघाल्या, तर काही नमुने वेगळ्याच प्रजातींचे होते. ही सगळीच फसवणूक होती असे म्हणता येत नाही. काही ठिकाणी स्थानिक परंपरेने दुसरी जात चालते, तर काही ठिकाणी गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने तो सगळाच चिकणा असतो. पण औषध घेणाऱ्याला हा फरक कळण्याचा कोणताच मार्ग नसतो.

दुसरा मुद्दा रसायनांचा. सिडा कॉर्डिफोलियात अल्प प्रमाणात ‘इफेड्रिन’ आढळल्याच्या नोंदी आहेत. हे द्रव्य हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये इफेड्रिन वर्गातील अल्कलॉइड असलेल्या आहारपूरक उत्पादनांवर बंदी घातली, तेव्हा या द्रव्यांच्या वनस्पती स्रोतांत सिडा कॉर्डिफोलियाचाही समावेश होता. स्पर्धेदरम्यान खेळाडूच्या लघवीत प्रतिमिलिलिटर १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक इफेड्रिन आढळल्यास जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमानुसार ते गैर ठरते. त्यामुळे ‘वजन घटवणारे’ किंवा ‘ताकद वाढवणारे’ म्हणून बलेचे चूर्ण घेणाऱ्या खेळाडूला आणि रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णाला आपण नेमके काय घेत आहोत हे माहीत असणे आवश्यक ठरते. घराशेजारचा चिकणा उपटून काढा करण्याआधी हा विचार व्हायला हवा.

झाड जास्वंदीच्या कुळातले आहे, हे कसे कळते?

परसातली जास्वंद डोळ्यांसमोर आणली की निम्मे काम होते. फुलाच्या मधोमध एक दांडी बाहेर येते आणि तिच्यावर पिवळे ठिपके चिकटवल्यासारखे परागकोश असतात. ही दांडी म्हणजे एकमेकांना जोडून नळी झालेले पुंकेसर. त्या नळीच्या आतून स्त्रीकेसर वर येतो आणि टोकाला त्याच्या शाखा फुटतात. भेंडी, कापूस, अंबाडी, चिकणा, मुद्रा या सगळ्यांच्या फुलांत ही नळी दिसते. चिकण्याचे फूल लहान असल्याने ती पाहायला मोबाइलचा कॅमेरा झूम करावा लागतो, इतकेच.

पाकळ्या पाच आणि कळीत एकमेकींवर पीळ घातल्यासारख्या असतात. पानाच्या देठाजवळून तीन, पाच किंवा सात ठळक शिरा पंजासारख्या निघतात. खोड मोडले तर साल दोरीसारखी सोलून निघते. अंगावरची लव भिंगाखाली पाहिली तर केस अनेकदा चांदणीसारखे फुटलेले दिसतात. शिवाय पाने चुरगाळल्यावर भेंडीसारखा चिकट स्राव असतोच.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. १९९८ नंतरच्या नव्या वर्गीकरणात काटेसावर, मुरुडशेंग, फालसा, कोको यांची पूर्वी वेगळी मानलेली कुळेही याच कुळात आली. या नव्या सदस्यांपैकी अनेकांच्या फुलांत पुंकेसरांची अशी नळी नसते. त्यामुळे नळी दिसली तर झाड जास्वंदीच्या जवळचे समजावे. नळी नाही, एवढ्यावरून ते या कुळाबाहेरचे ठरत नाही.

सुरुवात कुठून करावी?

पानापासून नव्हे. बहुतेक चुका पानामुळे होतात. एकाच झाडावर खालची पाने रुंद आणि वरची अरुंद असू शकतात, सावलीतले पान मोठे तर उन्हातले लहान असते. त्याऐवजी दोन ठिकाणे पाहावीत : फुलाची मागची बाजू आणि पिकलेले फळ.

फूल उलटे करून पाहिल्यास पाकळ्यांखाली पाच पात्यांची हिरवी वाटी दिसते. या वाटीच्याही खाली हिरव्या पात्यांचा आणखी एक वेढा आहे का, हा पहिला प्रश्न. जास्वंदीत आणि अंबाडीत हा दुसरा वेढा स्पष्ट दिसतो. चिकण्यात आणि मुद्रेत तो नसतो. एवढ्या एका खुणेवर रानातल्या या झुडपांचे दोन सरळ गट पडतात.

दुसरा प्रश्न फळाचा. या कुळात फळांचे दोन मुख्य प्रकार दिसतात. एक भेंडीसारखे बोंड, जे वाळल्यावर उकलते आणि आतून बिया पडतात. दुसरे, लसणाच्या गड्ड्यासारखे अनेक फाकींचे फळ, जे वाळल्यावर फाकी सुट्या होऊन विखुरते. चिकणा, मुद्रा आणि वनभेंडी यांची फळे दुसऱ्या प्रकारची. त्यातल्या फाकी मोजणे आणि त्यांच्या टोकाला काय आहे ते पाहणे, ही ओळखीची खरी किल्ली.

मुद्रा आणि चिकणा यांत फरक काय?

अतिबला अर्थात मुद्रा ओळखायला सर्वांत सोपी. तिचे फळ सपाट माथ्याचे, चक्रासारखे आणि कंगव्याच्या दात्यांसारख्या फाकींचे असते. पूर्वी पिठावर, लोण्यावर नक्षी उठवण्यासाठी लाकडी ठसे वापरत. हे फळ तसेच दिसते, म्हणून मुद्रा. हिंदीतले ‘कंघी’ आणि मराठीतले ‘चक्रभेंडी’ ही नावेही फळावरूनच आली. फाकी साधारण १५ ते २० असतात आणि प्रत्येकीत एकापेक्षा अधिक बिया असतात. फळ वाटीच्या बाहेर ठळकपणे डोकावते आणि वाळल्यावर काळपट होते.

चिकण्याचे फळ याउलट वाटीत गुरफटलेले, जेमतेम वाटाण्याएवढे. फाकी ५ ते १२ च्या दरम्यान आणि प्रत्येकीत बी एकच. मुद्रेची पाने हृदयाच्या आकाराची, तळहाताएवढी आणि मखमली असतात. फूल चिकण्यापेक्षा मोठे, नारिंगीकडे झुकणारे पिवळे असून ते दुपारनंतर उमलते. चिकण्याची फुले बहुधा सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटू लागतात. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांना मुद्रा फुललेली दिसते आणि चिकणा मिटलेला, त्याचे कारण हे.

मुद्रेच्या प्रजातीतील एक नातलग फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीतला आहे. ‘अब्युटिलॉन रानडेई’, अर्थात सोनघंटा. लोंबती, घंटेसारखी, तांबूस शिरांची तिची फुले एकदा पाहिली की विसरत नाहीत. ती अत्यंत दुर्मीळ असल्याने घाटात अशी घंटा दिसली तर तिचे फूल तोडू नये, रोप उपटू नये. फोटो पुरेसा आहे.

चिकण्याच्या जाती वेगळ्या कशा करायच्या?

हा भाग थोडा चिकाटीचा आहे. महाराष्ट्रात सहज दिसणाऱ्या पाच जाती पुढीलप्रमाणे ओळखता येतात.

सिडा कॉर्डिफोलिया, म्हणजे औषधकोशातली बला. सगळ्या अंगावर दाट, मऊ, पांढुरकी लव. पान हृदयाकृती, दोन्ही बाजूंनी मखमली. हात फिरवला तर फरक लगेच जाणवतो. फळात साधारण १० फाकी आणि प्रत्येक फाकीच्या टोकाला दोन लांब, केसाळ शिंगे. ही शिंगे वाटीच्या बाहेर डोकावतात. मखमली पान आणि लांब शिंगे या दोन्ही खुणा जुळल्या तरच ती बला.

सिडा अक्युटा. रस्त्याकडेला सर्वाधिक दिसणारा चिकणा बहुधा हाच. पान लांबट, टोकदार, जवळजवळ गुळगुळीत. फांदीवर पाने दोन रांगांत, एकाच पातळीत पसरलेली असतात, त्यामुळे फांदी चपटी दिसते. सर्वांत पक्की खूण देठाच्या बुडाशी आहे. तिथे दोन बाजूंना दोन उपपर्णे असतात आणि ती एकसारखी नसतात : एक दोऱ्यासारखे बारीक, तर दुसरे रुंद पात्यासारखे. फुलाचा दांडा आखूड असतो.

सिडा ऱ्हॉम्बिफोलिया, जिला महाबला मानतात. पान शंकरपाळ्याच्या आकाराचे. पानाचा खालचा भाग निमुळता आणि बिनदातेरी, दाते वरच्या भागात. पानाची खालची बाजू राखाडी झाक असलेली. फुलाचा दांडा लांब, पुष्कळदा पानाच्या देठाहून कितीतरी लांब. उपपर्णे दोन्ही दोऱ्यासारखीच. इथेच ती अक्युटापासून वेगळी पडते.

सिडा कॉर्डेटा, म्हणजे भुईबला. नावाप्रमाणे ती जमिनीवर पसरते, उभी राहत नाही. पान पातळ, हृदयाकृती, लांब देठाचे. खोडावर विरळ लांब केस. फुलाचा दांडा नाजूक, फाकी फक्त ५. पान हृदयाकृती असल्याने तिची आणि बलेची गल्लत होते. पण बला ताठ उभी आणि दाट मखमली, तर ही सरपटणारी आणि पातळ पानांची.

सिडा स्पायनोसा. पानाच्या देठाखाली खोडावर एक बारीक, काट्यासारखा उंचवटा असतो. तो टोचत नाही, पण बोट फिरवल्यास लागतो. फाकी ५ आणि त्यांना दोन छोटी टोके. शेतात आणि पडीक जागी ती इतर जातींत मिसळून वाढते, म्हणून गोळा करणाऱ्याच्या जुडीत सहज येते.

नागबलेचा घोळ का मिटत नाही?

बलाचतुष्टयातली ही चौथी. काही वैद्य नागबला म्हणजे वर सांगितलेली सरपटणारी भुईबला मानतात. काहींच्या मते नागबला म्हणजे फालशाच्या प्रजातीतले झुडूप, ‘ग्रेविया हिर्सुटा’. या दोन झाडांत दिसण्यात काहीच साम्य नाही. एक जमिनीलगत पसरणारे, तर दुसरे उभे, फालशासारखी फळे देणारे झुडूप. गंमत अशी की नव्या वर्गीकरणानुसार फालसाही जास्वंदीच्याच कुळात आला. त्यामुळे दोन्ही नागबला आता कागदोपत्री एका कुळातल्या झाल्या, पण औषध म्हणून त्या एक होत नाहीत. नागबला घेताना ‘कोणती?’ हा प्रश्न वैद्यांना आणि दुकानदाराला विचारणे म्हणूनच योग्य.

चिकण्यासारखेच दिसणारे परदेशी झुडूप कोणते?

‘मालव्हास्ट्रम कोरोमँडेलियानम’. नावात कोरोमंडल, म्हणजे आपला पूर्व किनारा. पण मूळ अमेरिकेतले. लिनियसने १७५३ मध्ये नाव देताना तेच भौगोलिक नाव वापरले आणि ते आजतागायत चिकटून राहिले. पिवळे फूल, दातेरी पान, कंबरेएवढी उंची, चिवट खोड. दुरून पाहिले तर हुबेहूब चिकणा.

फरक ओळखायला फूल उलटे करावे. हिरव्या वाटीखाली तीन अरुंद पात्यांचा दुसरा वेढा दिसला, तर ते मालव्हास्ट्रम. चिकण्यात हा वेढा कधीच नसतो. पानांवरच्या शिरा इस्त्रीच्या घडीसारख्या खोल दबलेल्या दिसतात. फळातल्या प्रत्येक फाकीला तीन बारीक टोके असतात. चिकण्यात ती दोन असतात किंवा नसतात. पहिली खूण पाहायला पाच सेकंदही लागत नाहीत.

कपड्यांना चिकटणारी वनभेंडी कोणती?

रानातून परतल्यावर पँटला, लुगड्याला काटेरी गोळ्या चिकटलेल्या असतात. त्यांतल्या पुष्कळ जास्वंदीच्या कुळातल्या. गुलाबी, मध्यभागी गडद फुलांची ती वनभेंडी, ‘युरेना लोबाटा’. तिच्या फळात पाच फाकी असतात आणि प्रत्येकीवर आकड्यासारखे वळलेले काटे. पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेवर, देठाजवळ, एक छोटी ग्रंथी दिसते. फुलाखाली दुसरा वेढाही असतो. तिच्या सालीचा धागा तागासारखा असल्याने ब्राझील आणि काँगोत त्यासाठी तिची लागवडही झाली.

पिवळ्या फुलांची आणि तशाच चिकट काटेरी फळांची असते ती निचर्डी, अर्थात ‘ट्रायम्फेटा’. तिचे पुंकेसर सुटे असतात, नळी नसते. त्यामुळे फूल जवळून पाहिले की दोघी वेगळ्या होतात. फूल नसेल, फक्त गोळ्या असतील, तर फाकी सुट्या होतात का ते पाहावे. वनभेंडीच्या होतात, तर निचर्डीची गोळी अख्खी राहते किंवा कठीण बोंडासारखी फुटते.

रानभेंडी आणि रानजास्वंद यांत कसा फरक करावा?

हा फरक स्वयंपाकघरात शिकता येतो. अंबाडीचे लाल बोंड म्हणजे फुलाखालची वाटी. फूल गळले तरी ती फळाभोवती टिकून राहते, उलट मांसल होते. चटणी होते ती तिचीच. भेंडी मात्र उघडी असते. तिच्या बुडाशी टोपीजवळ फक्त एक वण दिसतो. भेंडीच्या फुलाची वाटी एका बाजूने फाटते आणि पाकळ्यांबरोबर गळून पडते. अंबाडीची ‘हिबिस्कस’ ही प्रजाती आणि भेंडीची ‘अबेलमॉस्कस’ ही प्रजाती यांतला हा मुख्य भेद. रानात पिवळे, जांभळ्या डोळ्याचे मोठे फूल दिसले तर खालचे जुने फळ पाहावे. वाटी टिकून असेल तर हिबिस्कस, गळालेली असेल तर रानभेंडी.

रानभेंडीतही प्रकार आहेत. कस्तुरभेंडीच्या (अबेलमॉस्कस मॉस्कॅटस) बिया चुरडल्यास कस्तुरीसारखा वास येतो. तिच्या फुलाखालच्या वेढ्यातली पाती अरुंद आणि संख्येने अधिक असतात. ‘अबेलमॉस्कस मॅनिहॉट’मध्ये तीच पाती रुंद आणि चार-सहाच असतात. काळ्या जमिनीत दिसणाऱ्या ‘अबेलमॉस्कस फिकुल्नियस’चे फूल पांढरे असते, मिटताना गुलाबी होते आणि बोंड आखूड असते.

शेतकऱ्याला याचा काय उपयोग?

दोन बाजूंनी. पहिली फायद्याची. भेंडीवर पांढऱ्या माशीतून पसरणारा हळद्या, म्हणजे पिवळ्या शिरांचा विषाणूजन्य रोग, पीक बुडवतो. त्याला तोंड देणारे गुण रानटी नातलगांत सापडले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात दिलेला ‘परभणी क्रांती’ हा वाण ‘पुसा सावनी’ भेंडी आणि अबेलमॉस्कस मॅनिहॉट यांच्या संकरातून आला. बांधावरची रानभेंडी कुणाला तण वाटेल, पण पैदासकाराच्या दृष्टीने ते भांडवल आहे. अर्थात, रानभेंडीची नेमकी जात कोणती, हे कळले तरच.

दुसरी बाजू सावधगिरीची. कापसावरचा पिठ्या ढेकूण मुद्रा, चिकणा आणि जास्वंदीवरही जगतो. कापूस निघाल्यावर शेत मोकळे झाले तरी किडीला बांधावर आसरा मिळतो आणि पुढच्या हंगामात ती परतते. त्यामुळे कपाशीच्या शेतालगत या झुडपांवर पांढरा, कापसासारखा थर दिसतो का, याकडे लक्ष ठेवावे. असा थर दिसल्यास ते झुडूप काढून नष्ट करावे. मात्र सरसकट बांध साफ करण्याची गरज नाही. या फुलांवर मधमाश्या आणि फुलपाखरेही येतात.

मोबाइलवर फोटो काढून ओळख पटते का?

पटू शकते, पण फोटो योग्य असेल तर. ओळख सांगणारी अॅप या कुळात अनेकदा अडखळतात, कारण त्यांना बहुधा वरून काढलेला एकच फोटो दिला जातो : हिरवळ आणि त्यात एक पिवळा ठिपका. त्यावरून अॅपच काय, जाणकारही खात्रीने सांगू शकत नाही. पुढील सहा फोटो एकत्र असतील तर काम सोपे होते.

१. पूर्ण झाड, उभे की पसरलेले हे कळेल असे.
२. फूल समोरून.
३. फूल मागून, खालची वाटी आणि दुसरा वेढा दिसेल असे.
४. पिकलेले फळ, शक्य असल्यास फाकी सुट्या करून तळहातावर.
५. पान दोन्ही बाजूंनी.
६. देठ खोडाला मिळतो ती जागा, उपपर्णांसह.

असे फोटो ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ किंवा ‘आयनॅचरलिस्ट’वर टाकल्यास जाणकार मंडळी ओळख तपासून देतात. औषधासाठी, लागवडीसाठी किंवा व्यापारासाठी खात्री हवी असेल तर मात्र फोटोवर विसंबू नये. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्र आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम येथे वाळवून जतन केलेल्या नमुन्यांचे संग्रह आहेत. नमुना त्यांच्याशी ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

ओळख नेमकी कोणत्या टप्प्यावर हरवते?

बाजारात जाते ते बहुधा मूळ किंवा वाळलेले झाड. सिडाच्या जातींची मुळे वाळल्यावर जवळजवळ सारखीच दिसतात. चूर्ण झाल्यावर तर डोळ्यांना काहीच सांगता येत नाही, मग डीएनए तपासणीपर्यंत जावे लागते. म्हणजे ज्या क्षणी झाड उपटले जाते, त्या क्षणापासून त्याची ओळख पुसट होऊ लागते. पान गळते, फूल गळते, फाकी विखुरतात. शेवटी उरते ते जुडीवर लिहिलेले नाव.

त्यामुळे शहानिशा करायची तर ती रानातच, झाड उभे असताना आणि त्यावर फूल व फळ दोन्ही असताना करावी लागते. महाराष्ट्रात यासाठी ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ चांगला. गोळा करणाऱ्यांना या चार-पाच खुणा दाखवणे, व्यापाऱ्याने प्रत्येक जुडीसोबत फळे असलेली एक फांदी ठेवणे, औषध बनवणाऱ्याने ‘चिकणा’ न मागता जातीच्या शास्त्रीय नावाने मागणी करणे, या गोष्टींना ना यंत्र लागते ना मोठा खर्च. ग्राहकाच्या हाती एवढेच : पुडीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग छापला आहे का, ते पाहावे. नसल्यास विचारावे आणि रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर वैद्याला वा डॉक्टरला विचारल्याशिवाय ‘झाडपाल्याचेच तर आहे’ म्हणून ती पुडी फोडू नये.